दादा चेष्टेतच बोलतो, पण लागतं. काय करू?

रंकाळ्यावरची_हवा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आधी एक सांगून टाकतो, मी बाईमाणूस आहे, कोल्हापुरात आम्ही पोरीबाळी येतो-जातो असंच बोलतो, त्यामुळं कुणी "अहो दादा" करून उत्तर देऊ नका. माहेर मंगळवार पेठ, सासर राजारामपुरी. म्हणजे स्कूटीवरनं दहा मिनिटं, आणि तेवढ्यामुळंच सगळा घोळ आहे, लांब दिलं असतं तर वर्षातनं दोनदा भेट झाली असती आणि गोडीत राहिलो असतो.

विषय माझ्या दादाचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी नववीत असताना वडील गेले, तेव्हापास्नं तो उद्यमनगरात लेथवर उभा आहे. माझी बारावी, बीकॉम, लग्न सगळं त्यानं केलं, स्वतःचं लग्न माझ्यानंतर केलं. माझ्या पाठवणीला सगळ्यात जास्त तोच रडला, तेही मांडवाच्या मागं जनरेटरजवळ जाऊन, म्हणजे कुणाला आवाज नको. हे आधी लिहितोय कारण पुढचं वाचून लोक त्याला शिव्या घालतील, तसं नकोय मला.

पण त्याचं तोंड! पतसंस्थेत नोकरी लागली तेव्हा म्हणाला, "दुसऱ्याचेच पैसे मोजायचे, त्याला काय डोकं लागतंय." बाळंतपणानंतर घरी गेलो तर दारातच, "दार मोठं करून घ्यावं लागतंय आता." असलं चालतं आमच्यात, मीपण काय कमी नाही, मी पण त्याच्या टकलावरनं बोलतो. लहानपणापासनं घरात प्रेम आणि टोमणा एकाच ताटात वाढलेला आहे.

झालं काय, आषाढात आमच्या गल्लीची त्र्यंबोली यात्रा होती. पंचगंगेचं पाणी घेऊन पी ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्या देवळात जाऊन आलो, संध्याकाळी घरात मटणाचं जेवण. मामा-मामी, आत्या, चुलत्यांचं सगळं घर आणि माझ्या सासूबाई पहिल्यांदाच आलेल्या. पंगत बसली. माझं पोरगं दोन वर्षं आठ महिन्यांचं आहे. ते कोपऱ्यात पांढऱ्या रश्श्याच्या रिकाम्या वाट्या एकावर एक रचत बसलेलं, सात वाट्या झाल्या होत्या, मी मोजत होतो. दादा पातेलं घेऊन वाढत वाढत त्याच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काय रं, मामा म्हण की." पोरानं एकदा वर बघितलं आणि आठवी वाटी ठेवली. तर दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "मुकं निघालं की काय गं ह्ये? सासरच्यांवर गेलंय वाटतं, तिकडं कोण तोंडच उघडत नाही."

सगळे हसले. मामींना तर ठसका लागला. सासूबाई ताटात बघत भाकरी मोडत राहिल्या.

आणि मीपण हसलो. खरं सांगायचं तर बोलला ते बाजूलाच, मी हसलो हे मला अजून पचत नाहीये.

कारण त्याला माहीत नाही, पण त्याच्या पंधरा दिवस आधीच बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं की पोराच्या कानाची तपासणी करून घ्या. पोरगं दहा-बारा शब्दांच्या वर बोलत नाही. ती चिठ्ठी तेव्हा माझ्या पर्समध्येच होती आणि अजूनही तिथंच आहे, माझं धाडस होईना.

येताना रंकाळ्यावर गाडी थांबवली, पाऊस होता, पोरगं मधे रेनकोटात झोपलेलं. नवरा म्हणाला काय झालं, म्हटलं तिखट डोळ्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन, "रस्सा उरलाय, डबा पाठवू काय?" म्हणजे त्याच्या गावीही नाही. मी तीन आठवडे माहेरी गेलो नाही. श्रावण लागला म्हणून मटणाचं निमंत्रण टाळायला सोपं झालं, पण आता राखी आली तोंडावर. नवरा म्हणतोय सोडून दे. आई म्हणते त्याचं तोंडच तसं आहे, मन सोन्यासारखं. मन सोन्यासारखं आहे हो, पण मन ऐकू येत नाही की, तोंडच ऐकू येतं. बोलावं का त्याच्याशी? आणि बोलायचं तर कसं, की पुढं मीच कृतघ्न ठरणार नाही?

पांढरा_रस्सा

ताई जाऊ दे की. कोल्हापूरचं माणूस आहे ते. आमच्यात मित्र शिवी घातल्याशिवाय फोन उचलत नाही, ज्या दिवशी "कसे आहात" म्हणाला त्या दिवशी समजायचं उसने पैसे मागणार. रांगडी भाषा आहे आपली, मनात काही नसतं. मनावर घेतलं तर इथं राहणं मुश्कील. राखीला जा, दोन टोमणे तूही हाण, विषय संपला.

रंकाळ्यावरची_हवा

पांढरा रस्सा, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. मला "जाडी" म्हटलं तर मीही हाणतो परत. पण पोरानं काय हाणायचं परत? त्याला तर बोलताच येत नाही, तीच तर चेष्टा होती.

सध्या_मुक्काम_पुणे

मुद्दा हाच आहे. मी मूळची शिवाजी पेठेतली, आता पुण्यात. इथं ऑफिसात लोक कोल्हापूरच्या बोलण्याला घाबरतात आणि मी दरवेळी बाजू घेते, की बाबांनो आमच्या शिवीत राग नसतो. पण म्हणून कुणीही काहीही बोलावं आणि वर "रांगडं आहे" असा शिक्का मारावा हे मला पटत नाही. रांगडी चेष्टा बरोबरीच्या माणसाशी होते. ज्याला उलट हाणता येतं त्याच्याशी. तालमीत पण असंच असतं की, आपल्या जोडीचा बघूनच कुस्ती लावतात, नाही का. पोरगं, आजारी माणूस, ज्याची नोकरी गेली तो, ज्यांना मूल होत नाही ते, यांच्याशी लावली तर ती कुस्ती नव्हे.

दुसरं, चारचौघांत. हीच गोष्ट दादा तुम्हाला स्वयंपाकघरात एकटीला म्हणाला असता, "पोरगं बोलंना गं अजून, दाखवलंस काय कुठं?" तर तुम्ही रडला असता, पण त्याच्या खांद्यावर. शब्द जवळजवळ तेच. जागा बदलली, सासूबाई समोर होत्या, आणि हसायला वीस माणसं.

आणि राग मानू नका, पण थोडं लागलं ते तुमच्या पर्समधल्या चिठ्ठीमुळंही. ती भीती तुमच्या मनात होतीच, दादानं न बघता नेमका तिथंच पाय दिला.

जॉन गॉटमन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. ते म्हणतात की टिकणाऱ्या जोडप्यांत भांडण चालू असतानासुद्धा एका वाईट गोष्टीमागं साधारण पाच चांगल्या गोष्टी असतात. आणि नातं सगळ्यात जास्त कशानं पोखरतं, तर तुच्छतेनं. भांडणापेक्षासुद्धा. तो अभ्यास जोडप्यांचा आहे, भाऊ-बहिणीला जसाच्या तसा लावायला नको, पण मी तो माझ्या वडिलांना लावून बघितला तर गंमत कळली. ते पाचाच्या जागी पन्नास चांगल्या गोष्टी करतात, पण तोंडानं एकही बोलत नाहीत. टोमणा मात्र तोंडानंच. म्हणजे हाताच्या खात्यात एवढी शिल्लक आणि तोंडाचं खातं कायम ओव्हरड्राफ्टमध्ये. तुम्ही पतसंस्थेत आहात, तुम्हाला कळेल.

खरवस

निंदकाचे घर असावे शेजारी अशी म्हण आहे आपल्याकडे. टीकेतूनच माणूस सुधारतो.

पांढरा_रस्सा

खरवस, शेजारी म्हटलंय भावा, पंगतीत नव्हे. आणि अडीच वर्षाचं पोरगं काय सुधारणार त्यातनं. (वर मी जाऊ दे म्हणालो ते मागं घेतो, पोराचा मुद्दा डोक्यात आला नव्हता.)

मशीनशॉपवाला

ताई, मी इथं फारसं लिहीत नाही, वाचतो फक्त. पण तुम्ही "मीपण हसलो" लिहिलंय ते वाचून जेवता जेवता ताट बाजूला ठेवलं, म्हणून लिहितोय. जरा लांबेल.

तुमच्या गोष्टीतला दादा म्हणजे मीच समजा. वय 46, माझाही व्यवसाय मशीनचाच. धाकटी बहीण इचलकरंजीत दिलेली, भाऊजींचे यंत्रमाग आहेत, म्हणजे होते. धंदा बसला होता, सूत महाग, कापडाला भाव नाही, निम्मे माग बंद. मला सगळं माहीत होतं, मी स्वतःहून दोनदा पैसे पण पाठवले होते. आणि भाऊबिजेला जेवताना सगळ्यांदेखत मी काय म्हणावं? "भाऊजी, माग आता भंगारात घाला आणि त्याच भंगारवाल्याकडं कामाला लागा, निदान ओळखीची वस्तू तरी असेल." लई हसले लोक. भाऊजी पण हसले. बहीण पण हसली. मला वाटलं काय भारी बोललो आपण.

पुढच्या राखीला राखी कुरियरनं आली. म्हटलं पोरांची शाळा असेल. पुढच्या भाऊबिजेला निरोप, सासूबाईंना बरं नाही. मी फोन केला की बोलायची, चांगलं बोलायची, पण यायची नाही. जवळजवळ सव्वा वर्ष. आणि मला कळलं कुणाकडनं, तर माझ्या मुलीकडनं, बारा वर्षांची. गाडीत सहज म्हणाली, "पप्पा, आत्या येत नाही कारण तुम्ही मामांना भंगारवाला म्हणालाय." एवढ्या पोरीला कळलं होतं. घरात सगळ्यांना कळलं होतं. मला सोडून.

मी त्याच रविवारी इचलकरंजीला गेलो. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोकलं आणि दारात गेल्यावर तोंडातनं निघालं काय, तर "पाऊस काय नाही औंदा." चहा झाला. पोहे झाले. बंद मागांच्या खोलीत भाऊजींबरोबर जाऊन आलो, जाळी धरलेली, तिथं माझ्या पोटात कालवलं. शेवटी निघताना चप्पल घालता घालता, वर न बघता म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं." बहीण म्हणाली, "दादा, तू बोललास ते मी विसरले असते. पण मी त्यांच्यासमोर हसले, ते मला विसरता येईना." अगदी हेच वाक्य. म्हणून म्हटलं तुमचं वाचून ताट बाजूला ठेवलं.

आता कामाचं सांगतो, कारण आमच्यासारख्या माणसाचं डोकं कसं चालतं ते मला आतनं माहीत आहे.

आईमार्फत किंवा वहिनीमार्फत सांगू नका. "तुझी बहीण रडत होती" असं तिसऱ्याकडनं कळलं की आम्ही आधी स्वतःचा बचाव करतो, मग बहिणीवर चिडतो, आणि मूळ गोष्ट राहते बाजूला. मोठा मेसेज तर अजिबात लिहू नका. मोबाईलवर एवढा लांब मजकूर दिसला की आम्हाला वाटतं कोणतरी गेलं. आणि जेवणाच्या वेळी, पाहुण्यांत, फोनवर नको. त्याच्या शॉपवर जा, दुपारच्या सुट्टीत, मशीन बंद असताना. समोर बसून दोन वाक्यं बोला. "दादा, पोराच्या बोलण्यावरनं सगळ्यांसमोर चेष्टा करू नको. मला लई लागलं." बास. दार मोठं करायचं, पतसंस्थेचं, गेल्या दहा वर्षांचं काहीही काढू नका. काढलं की तो त्यातली एखादी गोष्ट पकडणार, जी तुमची चूक असेल, आणि त्याच्यावरच वाद होणार.

तो पहिल्यांदा म्हणणार, "एवढं काय त्यात?" किंवा "मी काय दुश्मन आहे काय?" हे उत्तर नसतंय ताई. कुकरची शिट्टी असती ती. त्याच्यावर वाद घालायला गेला की संपलं. गप्प बसा, चहा प्या, घरी या. खरं उत्तर दोन दिवसांनी येतंय आणि ते तोंडानं येत नाही. आंब्याची पेटी येते, गाडीचं सर्व्हिसिंग होऊन येतं, नाहीतर पोराला फिरवायला नेतो म्हणून संध्याकाळी दारात उभा. आमची माफी पिशवीतनं येते, काय करणार.

पण पिशवी घेताना एकदा सांगाच की दादा पिशवी नको होती, बोलला असतास तरी चाललं असतं. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर ते सव्वा वर्ष वाचलं असतं. तीन आठवडे झालेत म्हणता ना, अजून उशीर झालेला नाही. कृतघ्न वगैरे काही ठरत नाही तुम्ही. फी भरली म्हणजे बोलायचा परवाना काढला असं नसतंय.

सध्या_मुक्काम_पुणे

मशीनशॉपवाले काका, तुमचं वाचून मी आत्ता वडिलांना फोन लावला. विषय काहीच काढला नाही, नुसता लावला. "पैसे संपले काय?" म्हणाले.

कानोसा

मी बरीच वर्षं श्रवण तपासणीच्या कामात आहे, त्यामुळं दोन गोष्टी.

पहिली आणि महत्त्वाची, ती चिठ्ठी पर्समधनं काढा. दोन वर्षांचं मूल साधारण पन्नासेक शब्द बोलतं आणि दोन शब्द जोडतं, "पाणी दे", "बाबा गेला" असं. दोन वर्षं आठ महिन्यांना दहा-बारा शब्द म्हणजे वाट बघत बसायचं नाही, तपासायचं. "आमच्यात मुलगे उशिराच बोलतात" हे घरोघरी ऐकते मी, त्यात निम्मं खरं असतं, पण कोणाच्या बाबतीत खरं आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. तपासणीत दुखत काही नाही. एका तपासणीत कानात छोटं बूच ठेवतात, काही मिनिटांत होते. दुसरी असते बेरा, त्यात डोक्याला चिकटपट्टीसारख्या तारा लावतात आणि मूल झोपलेलं लागतं, म्हणून त्या दिवशी सकाळपासनं झोपू देऊ नका, गाडीत तर अजिबात नाही, सगळे आईबाप तिथंच फसतात. पुष्कळदा सर्दीमुळं पडद्यामागं पाणी साचलेलं निघतं आणि ते बरं होतं. आणि अगदी ऐकू कमी येतंय असं निघालं तरी वेळेत मशीन लागलं, शिकवणं सुरू झालं की मुलं बोलतात. मुकं वगैरे शब्द आम्ही वापरतच नाही.

दुसरी गोष्ट दादाची. वयाच्या विशीपासून लेथवर म्हणालात. 85 डेसिबलच्या वर आवाज आणि रोज आठ-आठ तास, असं वर्षानुवर्षं झालं की कान हळूहळू जातात, माणसाला स्वतःला कळतही नाही, तो फक्त मोठ्यानं बोलायला लागतो. त्याला म्हणावं एकदा तूही तपासून घे आणि कानात प्लग घालत जा. आता हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाहीये. आवाज मोठा असेल कानामुळं, बोलला ते काही कानामुळं नाही.

कोपऱ्यातली_तुळस

विषयाला थोडं सोडून विचारते, चालेल ना. माझ्या सासूबाई 72 वर्षांच्या, लग्नाला माझ्या एकोणीस वर्षं झाली, कधी वावगा शब्द नाही. पण गेल्या वर्षभरात मला सरळ चोर म्हणतात. माझ्या बांगड्या घेतल्यास, माझे पैसे काढलेस. परवा दूधवाल्यासमोर म्हणाल्या. मी गंगावेशीत जाऊन उगाच तासभर बसून आले. इतकी वर्षं केलं ते सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटलं.

कानोसा

तुळस, थांबा. आयुष्यभर गोड असलेलं माणूस म्हातारपणी असं अचानक बदलतं तेव्हा आधी डॉक्टर, मग रुसवा. विसरायच्या आजारात हे अगदी नेहमीचं आहे, वस्तू स्वतःच कुठंतरी ठेवतात, ठेवलेलं आठवत नाही, मग चोरी झाली असं वाटतं, आणि चोर ठरतो तो सगळ्यात जास्त करणारा, कारण तोच जवळ असतो. थायरॉईड, रक्तातलं सोडियम, उदासीनता यानंही स्वभाव पालटतो. शुगर असेल तर गोळी घेऊन जेवायला उशीर झाला तरी माणूस चिडचिडं होतं, 70 च्या खाली गेली की घाम, थरथर आणि तोंडाचा पट्टा. फॅमिली डॉक्टरांना सगळं सांगा, चोर म्हणतात हेसुद्धा, लाजू नका. आणि "मी नाही घेतलं" म्हणून वाद घालू नका, "चला आपण दोघी शोधूया" म्हणा.

नाव_नको

माझा नवरा. मूल नाही आठ वर्षं. रोज बोलतो, पाहुणे असले की जास्त. हसून बोलतो. हे पण चेष्टाच का?

सध्या_मुक्काम_पुणे

नाही, ही चेष्टा नाही. वरच्या दादासारखं याचं नाहीच आहे, दोन वाक्यं सांगून मिटेल असं मी तुम्हाला म्हणणार नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे त्यात शाब्दिक आणि भावनिक छळ धरलेला आहे, आणि मूल नाही म्हणून अपमान करणं, टोमणे मारणं हे तर त्यात वेगळं लिहिलेलं आहे. मार पडलाच पाहिजे असं नाही. महिला हेल्पलाइन 181. नुसतं कुणाशीतरी बोलायचं असेल तर 14416, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मला इथं खाजगीत मेसेज केला तरी चालेल, रात्री पण.

पांढरा_रस्सा

ताई काय झालं मग? राखी होऊन आठवडा झाला.

रंकाळ्यावरची_हवा

झालं बाबांनो, सांगतो. पतसंस्थेचा हिशेब लागल्यावर येणार होतो म्हणून उशीर.

राखीच्या पाच दिवस आधी हाफ डे टाकून शॉपवर गेलो. दादा लेथच्या बाजूला डब्यावर बसून भाकरी-पिठलं खात होता, पायाशी लोखंडाच्या कातरणाची वेटोळी, सगळीकडं कूलंटचा वास. मला बघून पहिलं काय, "काय झालं? आई बरी आहे न्हवं?" तिथंच मला रडू येणार होतं. पण काकांनी सांगितल्यासारखं दोनच वाक्यं बोललो, अगदी पाठ करून गेलेलो. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? मी काय दुश्मन हाय काय त्येचा?" शब्दाला शब्द! मला हसूच आलं, मशीनशॉपवाले काका तुम्ही कोण आहात नक्की?

मी गप्प बसलो. लई अवघड आहे ते, एक मिनिटसुद्धा. तोही गप्प. मग मी पर्समधनं चिठ्ठी काढून त्याच्यासमोर धरली. हे ठरवलेलं नव्हतं. त्यानं हात पुसले, चिठ्ठी घेतली, डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर, त्याला लागेना. म्हणाला, "काय लिवलंय?" मी सांगितलं. भाकरी तशीच राहिली. बराच वेळ चिठ्ठीकडंच बघत बसला आणि मग एवढंच म्हणाला, "कवा जायचंय?"

तपासणीला तोच आला, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. पोराला झोपू द्यायचं नाही म्हणून सकाळी सहापासनं त्यानं त्याला रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आणल्या, बदकं दाखवली. कानोसाताई तुमचा सल्ला कामाला आला, फक्त झालं असं की पोरगं टक्क जागं आणि दादाच बाकड्यावर बसल्या बसल्या घोरायला लागला. दोन्ही पडद्यांमागं पाणी आहे म्हणालेत, औषध दिलंय, दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं आणि बोलण्याची थेरपी लगेच सुरू करायची. थेरपीवाल्या बाई म्हणाल्या, घरात सगळ्यांनी समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलायचं. दादानं विचारलं, "सगळ्यांनी म्हणजे मामानं पण?"

"चुकलं" म्हणाला नाही अजून. मीही मागं लागलो नाही.

राखीला सगळे होते, नारळी भात केलेला. आत्यानं नेहमीप्रमाणं पोराला जवळ ओढलं आणि सुरू केलं, "काय रे, बोलतोस का नाही अजून, का आपलं..." तर दादा पलीकडनं, "आत्या, भात गार व्हायलाय, जेव गप्प." आत्याचा चेहरा असा झाला, म्हणजे आता तिची समजूत काढायला वेगळं जावं लागणार मला.

आणि ओवाळताना माझ्याकडं खालपासनं वरपर्यंत बघून म्हणतो कसा, "पाट मोडशील बघ." मी म्हटलं तुझ्या टकलावर उजेड पडलाय, निरांजन नको आता. सासूबाईपण हसल्या.

मशीनशॉपवाला

छान झालं. ओवाळणी काय घातली?

रंकाळ्यावरची_हवा

पाचशे रुपये. आणि सकाळी येऊन न सांगता स्कूटी घेऊन गेला होता, संध्याकाळी सर्व्हिसिंग करून परत.